काट मारलेलं काम

शाळेच्या अंगणातला कडुनिंब दोन दिवसांत अर्धा रिकामा झाला, की मी नवी वही काढते. अकोल्यात मार्च आल्याचं कॅलेंडरच्या आधी ते झाड सांगतं.

वहीतली कामं दरवर्षी तीच. माठ बदलणे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून घेणे. शाळा सकाळची होणार, हे पालकांना कळवणे. परीक्षेचं वेळापत्रक लिहून बोर्डावर लावणे. एकेक काम झालं की त्यावर आडवी काट. काट मारताना कागदावर पेन्सिलीचा जो बारीक आवाज होतो, तो मला फार आवडतो. घरातले हसतात. एकदा आमच्या यजमानांनी माझ्या यादीच्या शेवटी हळूच लिहून ठेवलं होतं, 'नवऱ्याशी बोलणे'. मी जाऊन दहा मिनिटं बोलले आणि परत येऊन काट मारली.

पण माझ्या यादीत दोन ओळी अशा आहेत, की ती कामं झाली तरी मी त्यांवर काट मारत नाही. एक, 'बोर्ड पाहणे' आणि दुसरी, 'पाणी भरणे'. शाळेचे शिपाईकाका मला विचारतात, "बाई, टाइमटेबल तुमीच लिहिलं, तुमीच लावलं. मंग रोज सकाळी काय पायता त्याच्यात?"

"बदललं तर नाही ना, ते पाहते."

"तुमच्याबिगर बदलनार कोन?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तरी मी पाहते. ही सवय मला एकोणसाठ सालच्या मार्चनं लावली. तेव्हा मी अमरावतीला इंटर सायन्सला होते आणि माझी यादी कधी चुकत नाही अशी माझी ख्याती होती.

त्या मार्चची यादी करायची तर वासांपासून सुरुवात करावी लागेल. पहिला वास संत्र्यांचा. आमचं गाव चांदूर बाजार, घरची संत्र्याची बाग. वडील आठवड्याला एक करंडी एसटीच्या टपावर चढवून द्यायचे. ती माझ्या भाड्याच्या खोलीत खाटेखाली ठेवली की पुस्तकांच्या पानांनाही संत्र्याचा वास लागायचा. दुसरा वास रसायनशास्त्राच्या लॅबचा, सडक्या अंड्यांचा. काचेच्या एका उंच यंत्रात तो वायू तयार व्हायचा आणि केसांत, पदरात, डब्यातल्या पोळीतसुद्धा जाऊन बसायचा. तिसरा वास जिनिंगकडून येणाऱ्या कापसाच्या धुळीचा, कोरडा, नाकात हुळहुळणारा. हे तिन्ही वास एकत्र आले की परीक्षा आली असं समजायचं.

वर्गात ऐंशी मुलगे आणि आम्ही चार मुली. तास सुरू होईपर्यंत आम्ही मुलींच्या खोलीत बसायचो. प्राध्यापक वर्गाकडे निघाले की त्यांच्यामागून रांगेनं आत जायचं, पहिल्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्यामागूनच बाहेर पडायचं. मागून कागदी बाण यायचे. त्यांवर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, असा आमचा नियम होता. मी मात्र ते वाचायचे आणि पाठकोऱ्या बाजूला यादी करायचे. चाचणीत बरे गुण मिळाले की आम्ही चौघी मिळून रसवंतीत जायचो, वाईट मिळाले तरी जायचो. एकदा माझ्या हातून ब्युरेट फुटली, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आज त्या दुःखाचं हसू येतं. पण त्या वयात काचेची एक नळी फुटली तरी सगळं आयुष्य फुटल्यासारखं वाटायचं, हे मी माझ्या शाळेतल्या मुलींकडे पाहताना विसरत नाही.

त्या चौघींतली एक पंचफुला.

ती नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातली. तिचा थोरला भाऊ तुळशीराम बडनेरा स्टेशनात पॉइंट्समन होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, त्याची कळ ओढणं हे त्याचं काम. त्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून ती रोज शटलनं अमरावतीला यायची. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तिच्या वस्तीतून कॉलेजात पाऊल टाकणारी ती पहिली मुलगी होती. जाड काचांचा चष्मा लावायची, पण नजर अशी, की नळीतलं पाणी रंग बदलायला लागलं तर आमच्या आधी तिला दिसायचं. मी पुस्तकात पाहून क्षार ओळखायचे, ती नळीत पाहून. म्हणून लॅबमध्ये आमची जोडी छान जमायची. लॅब सुटली की मी तिला एक संत्रं द्यायचे. ती आधी साल दोन्ही हातांना चोळायची, वायूचा वास घालवायला. मग संत्रं खायची.

आमच्याकडे बायकाही पुरुषांसारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणतात. पुण्याची एक मुलगी वर्गात होती, तिला याचं फार हसू यायचं. पंचफुला तिला म्हणायची, "तू येते, मी येतो. पोचतो तर दोघी नं?"

पंचफुलाच्या त्या परीक्षेला आम्हा तिघींच्या परीक्षेपेक्षा जास्त वजन होतं. गावाकडे तिच्या काकांनी मुलगा पाहून ठेवला होता. तुळशीरामनं त्यांच्याशी भांडून एक करार केला होता. इंटर पहिल्याच वेळी पास झाली तर ती पुढे शिकेल, नापास झाली तर मे महिन्यात लग्न. "काका म्हनते, एक डाव देतो. दुसरा मांगू नका," हे तिनं मला अगदी सहज, शटलची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं.

मी राहत होते ती खोली एका म्हाताऱ्या बाईच्या घरात होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. मनानं वाईट नव्हती. मला ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारी बाई. फेब्रुवारीत एकदा पंचफुला अभ्यासाला खोलीवर आली. ती गेल्यावर आक्कांनी विचारलं, "कोनाची व ते पोरगी?"

"माझ्या वर्गातली आहे, आक्का."

"ते समजलं. कोनाची?"

मी म्हणाले, "नांदगावकडची," आणि पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आली तेव्हा ओट्यावर, दाराबाहेर, एक पितळी पेला पालथा ठेवलेला होता. तो मला दिसला आणि माझ्या आधी तिला दिसला होता. मी आत पाणी आणायला उठले, तर ती म्हणाली, "राहू दे. मी टेशनावर पिऊन आलो." त्यानंतर जेव्हा जेव्हा ती आली, तेव्हा ती टेशनावर पिऊनच आलेली असायची. मी काही बोलले नाही, आक्कांनाही नाही आणि तिलाही नाही. त्या दिवशीच्या यादीत प्रकाशशास्त्राचं तिसरं प्रकरण होतं. मी ते संपवलं आणि त्यावर काट मारली.

मार्चच्या सुरुवातीला वाचनाची सुट्टी लागली आणि प्रॅक्टिकल परीक्षेचं वेळापत्रक कॉलेजच्या बोर्डावर लागलं. बोर्डापुढे मुलांची झुंबड. मी धीरानं पुढे घुसले, सगळं नीट उतरवून घेतलं, मध्ये कार्बन घालून त्याच्या चार प्रती केल्या आणि मैत्रिणींना वाटल्या. रसायनशास्त्राची माझी बॅच सोमवारी सकाळी सातची. पंचफुलाची त्याच दिवशी दुपारी बाराची. तिची प्रत तिच्या हातात देऊन मी बजावलं, "आता यासाठी शटलनं हेलपाटा घालायचा नाही. घरी बसून अभ्यास कर. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला तर आत घेत नाहीत, एवढंच लक्षात ठेव."

"तुही यादी असल्यावर मी कायले बोर्ड पाहाले येतो?" ती म्हणाली.

खोलीवर येऊन मी वहीत 'बोर्ड पाहणे' या ओळीवर काट मारली. ज्या कामावर काट मारली, त्याच्याकडे पुन्हा वळून पाहायचं नाही, हा माझा नियम होता. त्या नियमावर मी पहिलीपासून पहिला नंबर काढत आले होते.

शनिवारी वाचनालयात पुस्तक परत करायला गेले, तर बोर्डापुढे पुन्हा गर्दी दिसली. मी थांबले असते, पण मागून एक मुलगा ओरडला, "ओ यादीवाल्या बाई! हे आलं काय तुमच्या यादीत?" बाकीचे खिंकाळले. मला वाटलं, रोजची टवाळी. मान ताठ करून निघून गेले. पुस्तक परत करण्यासाठी मी वीस मिनिटं ठरवली होती, अठरा मिनिटांत परत आले, याचाच आनंद झाला.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी लॅबशी पोचले. रसायनशास्त्राची लॅब आणि वनस्पतिशास्त्राची लॅब एकाच व्हरांड्यात, शेजारी शेजारी होत्या. दोन्हींची दारं उघडी होती आणि दोन्हींसमोर मुलं उभी होती. वनस्पतिशास्त्राच्या दारावर एक कागद चिकटवलेला. उन्हाळ्यामुळे लॅबच्या टाकीत दुपारी पाणी राहत नाही, सबब दुपारची बॅच रद्द. रसायनशास्त्राच्या त्या बॅचनं सकाळी सात वाजताच, या लॅबमध्ये बसावं. खाली नंबर. पाचवा नंबर पंचफुलाचा.

त्या कागदावर शनिवारची तारीख होती.

पंचफुला सहा मैलांवर बडनेऱ्याला होती, बहुधा चुलीपुढे भाकरी थापत असेल. अशा वेळी रडू यायला हवं होतं, पण माझं डोकं रडण्याच्या आधी हिशेब करतं. साडेसात ही शेवटची वेळ. पुढची शटल बडनेऱ्याहून सात वीसला सुटते आणि पाऊण तास झाला तरी ती इथवर पोचवत नाही. म्हणजे गाडी उपयोगाची नाही, निरोप हवा. निरोप तारेपेक्षा वेगानं कोण देईल? स्टेशनातला फोन. मी लॅबच्या हमालांची सायकल मागितली. "पाय पुरते काय तुमचा?" असं ते विचारेपर्यंत मी फाटकाबाहेर होते.

अमरावती स्टेशनात स्टेशनमास्तर बशीत चहा ओतत होते.

"बडनेऱ्याला एक निरोप द्यायचाय," मी म्हणाले.

"तार खिडकीवर."

"तार नको. फोन. आत्ता."

"पोरी, हा फोन गाड्यांसाठी हाय. मानसांसाठी नाई."

"तुळशीराम पॉइंट्समनच्या बहिणीची परीक्षा सात वाजता आहे. तिला वाटतंय बारा वाजता आहे."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "तुळशीरामची बहीन? ते चष्मेवाली? गाडी हलली तरी पुस्तकातून डोकं काढत नाई ते?"

"तीच."

"अन् बाराचं सांगतलं कोनं तिले?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि फोनची कळ फिरवली. "बडनेरा? अमरावती बोलून राहिलो. नाई, गाडीचं नाई... परीक्षेचं हाय. तुळशीराम ड्यूटीवरून सुटला काय? पकडा त्याले. म्हना, पोरीले घेऊन जशी असन तशी निघ."

मी परत आले तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बाहेरचे परीक्षक अकोल्याहून आले होते. काळा कोट, किडकिडीत, खिशात साखळीचं घड्याळ. हवा येते म्हणून त्यांनी आपली खुर्ची व्हरांड्यात, दोन्ही दारांच्या मधोमध टाकली होती. त्यांनी घड्याळ पाहून मला आत सोडलं आणि विचारलं, "शेजारच्या लॅबमध्ये एक मुलगी गैरहजर आहे. तुमच्या माहितीची?"

"हो सर. बडनेऱ्याहून येते. गाडी लेट असेल."

मी खोटं बोलणारी मुलगी नव्हते. पण गाडी लेट आहे, या वाक्याला कुणी खोटं समजत नाही, म्हणून ते इतक्या सहज आलं. तिला वाचवण्यासाठी बोलले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. माझी यादीही त्यात वाचणार होती, हे सांगितलं नाही.

माझं टेबल दाराशीच होतं. मी क्षाराची पुडी उघडली, नळी दिव्यावर धरली, पण कान बाहेर. सव्वासात झाले. साडेसात झाले. परीक्षकांनी घड्याळ काढून पाहिलं आणि मिटलं. त्या झाकणाचा 'टक' असा आवाज मला अजून ऐकू येतो.

सात चाळीसला सायकल आपटल्याचा आवाज आला.

तुळशीरामचा निळा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. रात्रभराची ड्यूटी करून त्यानं सहा मैल बहिणीला कॅरिअरवर बसवून सायकल मारली होती. पंचफुलाची एक वेणी सुटलेली, पायात एकच चप्पल, हातात प्रवेशपत्र.

"साडेसातनंतर आत घेता येत नाही," परीक्षक म्हणाले. मग जरा नरमून, "गाडी लेट होती ना तुमची?"

पंचफुलानं उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं खूण केली, हो म्हण. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी तुळशीराम बोलला.

"नाई साहेब. गाडी लेट नाई."

"काय?"

"सात वीसची शटल सात वीसलेच सुटली असन. लाइन क्लिअर करूनच आलो मी. आमी सायकलीनं आलो."

मी मनात म्हणत होते, बाबा, गप्प बस. एका शब्दावर तुझ्या बहिणीचा मे महिना लटकतोय.

"मग गाडी लेट आहे असं मला कसं सांगण्यात आलं?"

"ज्यानं सांगतलं त्यानं खोटं सांगतलं," तुळशीराम म्हणाला. त्याचा श्वास अजून लागलेला होता. "बहिनीले बसू द्या, नका देऊ, तुमची मर्जी. पन गाडीले खोटा बट्टा नका लावू साहेब."

मी उठले. हातात गरम नळी तशीच होती. "सर, मी सांगितलं ते. चूक माझी आहे. वेळापत्रक मी उतरवून हिला दिलं होतं. शनिवारी ते बदललं. मी बोर्डापुढून गेले, पण पाहिलं नाही."

परीक्षकांनी चष्म्यावरून पंचफुलाकडे पाहिलं. "दुसऱ्याच्या कागदावर विसंबून राहिलात? स्वतः यायला नको?"

"याले पायजे होतं सर," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पन इंदूची यादी चुकत नाई."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला सोसला असता.

परीक्षकांनी घड्याळ खिशात टाकलं. मग त्यांच्या मिशा जरा हलल्या. "इतकी वर्षं परीक्षा घेतोय. उशिरा आलेला प्रत्येक मुलगा गाडीच्या गळ्यात पडतो. गाडी वेळेवर होती म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला." ते पंचफुलाला म्हणाले, "जा, बसा आत. एक मिनिट वाढवून मिळणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही ती नळी खाली ठेवा. फुटेल."

मी नळी ठेवली. बोटाला फोड आला होता, तो मला संध्याकाळी कळला.

परीक्षा अकराला सुटली. तुळशीराम तोवर झाडाखाली उकिडवा बसून होता. डोळे लाल, पण मिटले नाहीत.

पंचफुला बाहेर आली. मी विचारलं, "काय निघालं?"

"तांबं. अमोनिया टाकला अन् पानी निळंशार झालं. पाहातच राहिलो मी." तिचा चेहरा क्षणभर उजळला, मग उतरला. "पन क्षाराच्या दुसऱ्या अर्ध्याची शेवटची कसोटी राहिली. बेल झाली."

पाऊण तासाचा तोटा. तो माझ्यामुळे. मी तिच्यासमोर उभं राहून काय काय बोलायचं, ते लॅबमध्येच ठरवलं होतं. तीन मुद्दे होते. पहिल्या मुद्द्याला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "माफी काय मांगतं व? सकाळपासून पोटात काई नाई. संत्रं सोल."

मी पिशवीतून संत्री काढली. तिनं साल हातांना चोळली. तुळशीरामला दोन दिली. तो सालीसकट फोडी करून खात होता. खाता खाता तो सरळ मनानं बोलला, "ताई, काल हे तुमच्या खोलीवर राहिली असती नं, तर सायकल मारा लागली नसती. अमरावतीतली अमरावतीत."



पंचफुला घाईनं म्हणाली, "मलेच परघरी झोप येत नाई, दादा."

मी हातातल्या संत्र्याकडे पाहत राहिले. सोलायचं राहून गेलं. बोर्ड न पाहण्याची चूक मी त्या दिवशी अनेकांपुढे कबूल केली. प्राध्यापकांपुढे, मैत्रिणींपुढे, घरी पत्रातसुद्धा. ती कबूल करणं सोपं होतं. पण एका ओट्यावर एक पेला पालथा होता आणि तो मी पाहिला होता. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी 'आज माझ्याकडे राहा' हे वाक्य मी तिला म्हटलं नव्हतं. ते काम माझ्या यादीत कधी आलंच नाही. चुकलेल्या ओळी दिसतात आणि खोडताही येतात. न लिहिलेल्या ओळीचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

उरलेले पेपर झाले. मी चांदूर बाजारला गेले. एप्रिल गेला, मे आला. मे महिन्यात आमच्या गल्लीत एकामागून एक वराती निघायच्या आणि प्रत्येक बँडबरोबर मी निकालाला उरलेले दिवस मोजायचे. तिच्या काकांनी निकालापर्यंत थांबायचं कबूल केलंय, असं तिचं कार्ड आलं होतं. 'थांबले हायत, पन चपला काढल्या नाईत' असं तिनं पुढे लिहिलं होतं. मी बागेत पाळीचं पाणी द्यायला वडिलांबरोबर जायचे आणि झाडांची ओळ मोजता मोजता तिचा नंबर पुटपुटायचे.

जूनमध्ये निकालाचा पेपर एसटीनं यायचा. मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. कंडक्टरनं गठ्ठा खाली टाकला, तो सुटायच्या आधीच मी एक ओढला. माझा नंबर मी आधी शोधला नाही, हे खरं आहे. बारीक छापलेल्या त्या रांगांवरून बोट फिरवत गेले. तिच्या आधीचा नंबर होता. नंतरचा नव्हता. तिचा होता. मी तिथेच स्टँडच्या बाकावर बसले आणि मग पाच मिनिटांनी आठवण झाली, की आपलाही पाहायचाय.

चार दिवसांनी तुळशीरामचं कार्ड आलं. मोठ्या, तिरक्या अक्षरांत एकच ओळ: 'गाडी राइट टाइम.'

जून संपता संपता कॉलेज उघडणार होतं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, 'खोली बदलणे'. पंचफुलाला बरोबर राहायला बोलावलं आणि आम्ही दोघी घरं पाहायला निघालो. हे काम मला वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. पहिल्या घरात मी त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की आम्ही दोघी, एक चांदूरची शेतकऱ्याची, एक नांदगावकडची बौद्ध घरची. खोली कालच गेली, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या घरातही खोली कालच गेली होती. मी दोन्ही घरं यादीत लिहून त्यांवर काट मारली, पण त्या काटेचा आवाज मला आवडला नाही. तिसरं घर स्टेशनजवळ, एका रेल्वे गार्डच्या विधवेचं. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "नळ सकाळी साडेपाचले येते अन् सहाले जाते. दोघींतली कोन भरन पानी?"

आक्कांचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्या दुखावल्या. "काहून व, माह्या घरात काय कमी होतं?"

आज मला विचारलं तर मी म्हणेन, कमी काही नव्हतं आक्का, एक पेला जास्त होता. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. मी म्हणाले, "कॉलेज लांब पडतं." नवी खोली कॉलेजपासून आणखी लांब होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली. माणसं अशी असतात. त्यांची यादी करता येत नाही.

पंचफुला पुढे बी.एस्सी. झाली. आज ती सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. बी.एस्सी.ची दोन वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. बोर्डावरचं उतरवून घ्यायला मी जायचे आणि पुन्हा पुन्हा पाहायला ती. "यादी तुही, नजर माही," असं तिनंच ठरवून टाकलं होतं. पण त्या खोलीतलं सगळ्यात जास्त मला आठवतं ते पहिल्या दिवसाचं.

साडेपाचला नळ खळखळला. पहिली घागर तिनं भरली, दुसरी मी. नवा माठ होता. पाणी ओतताच ओल्या मातीचा वास खोलीभर झाला. माझ्या मार्चच्या वासांत तो नव्हता. पंचफुलानं पेला माठात बुडवला, उभ्या उभ्या गटागटा प्यायली आणि तोच पेला पुन्हा भरून माझ्यापुढे केला. मी प्यायले. पेला माठाच्या झाकणावर सरळ ठेवला आणि वही काढली. 'खोली बदलणे' यावर काट मारली. तिच्या खाली 'पाणी भरणे' होतं. त्यावर पेन्सिल टेकवली, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ह्याच्यावर काहून काट मारतं व?" ती म्हणाली. "उद्या पुन्हा भरा लागन नं."